पाण्याचा हिशेब दिवाळीत मांडा

पनवेल तालुक्यात पाण्याची टंचाई आहे असं सांगितलं की देशावरच्या पाहुण्यांना हसू येतं. त्यांचंही काही चुकत नाही. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला पडतो तो ४००च्या आसपास, आणि तिथली माणसं उन्हाळ्यात आपापल्या विहिरीचं पाणी पितात. आपल्याकडे शिमगा उलटला की डोंगराकडच्या वाड्यांवर बायका ओहोळाच्या कोरड्या पात्रात डवरे खणून वाटीवाटीने पाणी उपसतात. पनवेल शहराला पाणी देणारं गाढी नदीवरचं देहरंग धरण जुलैत सांडव्यावरून ओसंडतं तेव्हा माणसं ते बघायला जातात. एप्रिल-मेमध्ये त्याच धरणातला गाळ वर येतो आणि शहरात दिवसाआड पाण्याची चर्चा सुरू होते.

हे दरवर्षीचं आहे. तरीही दरवर्षी एप्रिल उजाडला की आपण दचकतो, टँकरवाल्याचा नंबर शोधतो, बोअर आणखी खाली न्यावं का याची चौकशी करतो. एप्रिलमध्ये करण्यासारखं फारसं काही उरलेलंच नसतं. जे करायचं ते भात कापून खळ्यावर आलं, ओहोळ अजून वाहतोय, विहीर अजून वर आहे, अशा वेळी करायचं असतं. म्हणजे दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत. गावात राहणाऱ्यांनी, आणि शनिवार-रविवारपुरते गावात येणाऱ्यांनीही, एवढी एक सवय लावून घ्यावी म्हणून हे लिहितो आहे.

एवढा पाऊस जातो कुठे ते आधी बघू. माथेरान, प्रबळ, कर्नाळा हे सगळे काळ्या पाषाणाचे डोंगर. पाषाणावर मुरमाचा थर, त्यावर हातभर माती. पाणी साठतं ते या मुरमात आणि पाषाणाच्या भेगांत. मुरूम जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातच भरून जातो. पुढचे दोन-अडीच महिने पडणारा पाऊस वरच्यावर वाहून गाढी, काळुंद्रे, कासाडी अशा नद्यांना आणि तिथून खाडीला मिळतो. पाऊस थांबला की मुरमात साठलेलं पाणीही उताराच्या दिशेने झिरपत ओहोळात उतरतं. नोव्हेंबरात ओहोळाला जे निवळशंख पाणी दिसतं ते ढगातलं नसतं, तुमच्याच विहिरीभोवतालच्या जमिनीतून निघालेलं असतं. ओहोळ आटला त्या दिवशी समजावं की डोंगर रिकामा झाला.

म्हणून देशावरचे उपाय जसेच्या तसे इथे आणून चालत नाहीत. छपराचं पाणी विहिरीत सोडून विहीर पुनर्भरण करा, असं सगळीकडे सांगतात. कमी पावसाच्या मुलखात ते सोन्यासारखं काम आहे. पण आपली उघडी विहीर जुलैत काठोकाठ भरलेलीच असते. तिच्यात आणखी पाणी ओतून काय होणार? कातळातल्या भेगांवर चालणाऱ्या बोअरची गोष्ट वेगळी. तिथे दगड, खडी, वाळू यांच्या गाळणीतून छपराचं पाणी सोडलं तर उपयोग होऊ शकतो. उघड्या विहिरीसाठी मात्र आपल्याला दोनच गोष्टी करता येतात. जाणाऱ्या पाण्याची वाट अडवून त्याला उशीर लावायचा, आणि थोडं पाणी झाकून ठेवायचं. दोन्ही कामांना मुहूर्त असतो.

सरकारदरबारीही हे ठाऊक आहे. जिल्ह्याचा टंचाई कृती आराखडा तीन टप्प्यांत करतात आणि त्यातला पहिला टप्पा ऑक्टोबर ते डिसेंबर असा असतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा पाऊस संपल्यावर निरीक्षण विहिरींची पातळी मोजते आणि पुढे कुठे टंचाई येईल याचा अंदाज तेव्हाच बांधते. हिवरे बाजारात पावसाळा संपला की गावात पाणी किती आहे याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून पिकं ठरतात. पोपटराव पवार १९८९ मध्ये तिथे सरपंच झाले. त्यांच्या काळात गावाने शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, ऊस-केळी लावायची नाही असे नियम स्वतःवर घालून घेतले. आपल्याला त्यांच्या सातपट पाऊस आहे, म्हणून आपण मोजतच नाही. आपली अडचण नेमकी इथे आहे.

मोजायला यंत्र लागत नाही. दोरीला दगड बांधा, फुटाफुटावर गाठी मारा आणि विहिरीत सोडा. दहा फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे साधारण २,२०० लिटर. पाच माणसांच्या घराला माणशी ५५ लिटर धरले (जल जीवन मिशनचं मापही हेच आहे) तर रोजचे २७५ लिटर होतात. म्हणजे एक फूट पाणी आठ दिवस पुरतं. आता सकाळी पंप लावण्यापूर्वी पातळी बघा, पंप अर्धा तास चालवा, पुन्हा बघा, आणि गेलेलं पाणी परत यायला किती वेळ लागतो तो लिहून ठेवा. दिवाळीत तीन तासांत परत येणारं पाणी संक्रांतीला आठ तास घेत असेल तर मार्चमध्ये काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको. विहिरीच्या आतल्या बांधकामावर तैलरंगाने महिन्याची रेघ ओढून ठेवली तर आणखी चांगलं. दोन-तीन वर्षांच्या रेघा जमल्या की घरातली शाळकरी मुलगीसुद्धा यंदा वांगी किती लावावी ते सांगू शकेल.

पाणी किती आहे ते कळलं की त्याची वाटणी करायची. एकाच नळाचं पाणी पिण्याला, संडासाला, गाडी धुवायला आणि चिकूच्या झाडाला, ही शहरातली पद्धत झाली. खेड्यातल्या घरात पिण्याचा हंडा वेगळा आणि वापरायचं पाणी वेगळं, हे पूर्वापार चालत आलेलं आहे. फक्त टाकी आणि मोटर आली आणि ते सुटलं.

पिण्याचं पाणी आधी घेऊ, कारण टंचाईत जीव खरा तिथेच अडकतो. पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी १० लिटर पुरतात. पाच जणांचे ५० लिटर. १ जानेवारीपासून १० जूनपर्यंत १६१ दिवस होतात, म्हणजे ८,०५० लिटर. एक दहा हजार लिटरची झाकलेली टाकी असली की पाऊस येईपर्यंत पिण्याच्या पाण्याची चिंता मिटली. ही टाकी भरायची छपरावरून. ५०० चौरस फुटांचं छप्पर म्हणजे ४६ चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. त्यातलं पाचवा हिस्सा सांडलवंड धरली तरी दहा हजार लिटरला पावणेतीनशे मिलिमीटर पाऊस पुरतो. जुलैत एवढा पाऊस आपल्याकडे आठ-दहा दिवसांत होतो. अख्ख्या पावसाळ्यात तेच छप्पर ९० हजार लिटरच्या वर पाणी देतं. ते सगळं साठवायचा हव्यास धरू नये. त्याच्या खर्चात दुसरं घर होईल. पिण्यापुरतं साठवा, बाकीचं जाऊ द्या.

टाकी भरताना काही पथ्यं आहेत. मृगाच्या पहिल्या दोन-तीन मोठ्या सरींचं पाणी टाकीत घेऊ नका. छपरावरची धूळ, पक्ष्यांची घाण, चुलीची काजळी त्यात असते. पन्हळीच्या खालच्या पाइपला एक तोंड जास्तीचं ठेवा, आधी ते उघडं ठेवा, पाणी स्वच्छ दिसलं की बंद करा. पाइपच्या तोंडाशी बारीक जाळी हवी. पावसाळाभर टाकीतलं पाणी वापरत राहा आणि शेवटचा भरणा भाद्रपदात करा. तोवर छप्पर धुऊन लखलखीत झालेलं असतं. हस्ताच्या पावसावर विसंबू नका, तो येतो तेव्हा गडगडत येतो आणि न येता जातोही. टाकीत उजेड शिरता कामा नये. उजेड शिरला की शेवाळ आलंच. हवेच्या नळीला फडकं किंवा जाळी बांधा, नाहीतर टंचाईवरचा उपाय डेंगी घेऊन येईल. पाणी निर्जंतुक करायला टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचं माप हजार लिटरला पाच ग्रॅम. बादलीत कालवून, खाली बसू देऊन वरचं निवळ पाणी टाकीत घालायचं आणि अर्धा तास थांबायचं. पावडर जुनी, ओलसर, वास गेलेली असेल तर तिचा उपयोग नाही. छप्पर सिमेंटच्या जुन्या पत्र्याचं असेल तर ते पाणी पिण्याला घेऊ नका. धुण्याभांड्याला चालेल. कौलं आणि लोखंडी पत्रा यांना हरकत नाही.

ही काही नवी अक्कल नाही. कर्नाळा किल्ल्यावर गेलात तर अंगठ्यासारख्या दिसणाऱ्या त्या सुळक्याच्या पायथ्याशी पाषाणात कोरलेली टाकी बघा. डोंगराच्या पोटात, सावलीला, आतल्या बाजूने खोदलेली. ज्यांनी ती खोदली त्यांना पाणी साठवण्याइतकंच ते उन्हापासून लपवणं महत्त्वाचं वाटलं होतं. आपण मात्र काळी प्लास्टिकची टाकी गच्चीवर भर उन्हात ठेवतो.

आता वापरायचं पाणी. आमच्या शेजारी एक काकू आहेत. त्यांची सकाळ बघण्यासारखी असते. तांदळाचं पहिलं धुवण वासराच्या घमेल्यात जातं, दुसरं भाजीच्या पातेल्यात. भाजी धुतलेल्या पाण्यात खरकट्या भांड्यांचा पहिला हात फिरतो. शेवटचं विसळणं तेवढं चांगल्या पाण्यात, आणि ते विसळलेलं पाणी पुन्हा पुढच्या खेपेच्या पहिल्या हाताला. मोरीच्या तोंडाशी नारळाच्या काथ्याचा बोळा, त्यात तेलकट चिकटा अडकतो. बोळा आठवड्याला बदलतात. पुढे फरशीचे चार तुकडे लावून केलेला पाट आणि पाटाच्या शेवटी अळू, मग कर्दळ, मग केळी. यातलं त्यांनी पुस्तकात वाचून काहीच केलेलं नाही. न्हाणीच्या मागे अळू आणि केळ ही कोकणातल्या प्रत्येक जुन्या घराची मांडणीच होती. नवीन बंगला बांधताना ठेकेदार ते सगळं पाणी शोषखड्ड्यात नेऊन गाडतो आणि मग बागेसाठी बोअर मारायला सांगतो.

पाच माणसांच्या अंघोळीचं, धुण्याचं आणि भांड्यांचं मिळून दिवसाला दीड-दोनशे लिटर पाणी मोरीतून बाहेर पडतं. एवढ्यावर परसबाग निघते. फक्त ते साठवून ठेवू नका. दुसऱ्या दिवशी त्याला घाण येते आणि डास होतात. आजचं आज झाडांना द्या. धुण्याच्या सोड्याचं पहिलं पाणी रोज एकाच आळ्यात ओतू नका, जमीन कडक होते. आलटून पालटून द्या. कोथिंबीर, मुळा, माठ अशा कच्च्या किंवा अर्धकच्च्या खायच्या पाल्याला हे पाणी नको. केळी, पपई, माड, लिंबू यांना खुशाल द्या.

घरातल्या बाकीच्या गोष्टी तुम्हाला ठाऊक आहेत. शॉवरपेक्षा बादली-तांब्या बरा. गळक्या नळाखाली रात्रभर तांब्या ठेवून सकाळी किती भरला ते बघा, प्लंबरला बोलवायचं आपोआप सुचेल. आरओच्या यंत्राबद्दल मात्र एक सांगायचं आहे. प्रत्येक लिटर शुद्ध पाण्यामागे ते दोन-तीन लिटर बाहेर टाकतं. खाडीकाठच्या गावांत, जिथे बोअरला खारट पाणी लागतं, तिथे त्याला इलाज नाही. पण डोंगराकडच्या विहिरींचं पाणी बहुधा गोड असतं. तिथे गाळणं, उकळणं किंवा टीसीएल पुरतं. आधी पाणी तपासून घ्या. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारलंत तर तो नमुना कुठे द्यायचा ते सांगतो. यंत्र घेतलंच असेल तर त्याची टाकाऊ नळी बादलीत सोडा आणि त्या पाण्याने लादी पुसा.

बागेकडे येऊ. बाग म्हणजे पाण्याचा खरा खड्डा, आणि इथे आपली हौस आडवी येते.

झाडं लावताना ती पाण्यापासून किती लांब आहेत हे बघून लावावीत. न्हाणीलगत रोज पाणी मागणारी. त्यापलीकडे शेवगा, कढीपत्ता, लिंबू, मिरची, अबोली, जास्वंद. आणि कुंपणाकडे फणस, जांभूळ, काजू, करवंद, चाफा, ज्यांना पहिले दोन-तीन उन्हाळे सांभाळलं की पुढे विचारावंही लागत नाही. कलमं पावसाच्या सुरुवातीलाच लावा. ऑगस्टअखेर नर्सरीत स्वस्त मिळतात म्हणून आणलेल्या कलमाची मुळं खाली जाण्याआधीच पाऊस संपतो आणि मग ते कलम पाच-सहा महिने तुमच्या बादलीवर जगतं.

लहान कलमाला मडकं पुरा. पाच-सात लिटरचं, न रंगवलेलं मडकं घ्या. तळाला बारीक भोक पाडून त्यात सुती चिंधीची वात घाला. बुंध्यापासून फूटभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरा, भरा आणि तोंडावर नारळाची करवंटी पालथी घाला. करवंटी विसरू नका, नाहीतर तेही डासांचं घर होतं. पाणी मुळाशी झिरपतं, वर जमीन कोरडी राहते, त्यामुळे तणही माजत नाही. एक हंगाम झाला की मडक्याची छिद्रं बुजत येतात, तेव्हा ते बदला. बुंध्याभोवती पेंढा किंवा पालापाचोळ्याचं चार बोटं जाड आच्छादन हवं, पण बुंध्याला चिकटून नको, वाळवी लागते. दक्षिण-पश्चिमेच्या उन्हाकडून झावळीचा आडोसा केला की निम्मं काम झालं. माडाच्या आळ्यात नारळाची सोडणं पोकळ बाजू वर करून पुरतात, ती पाणी धरून ठेवतात. सोडणं जाळू नका. डिसेंबर-जानेवारीत पालापाचोळा पेटवून देणारे लोक मार्चमध्ये त्याच झाडांना पाणी नाही म्हणून हळहळताना मी बघतो.

घरापासून लांब, उतारावर कलमं असतील तर जलकुंड हा उपाय आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकणातल्या उतारांसाठी त्याचा बराच प्रसार केला. खड्डा खणायचा, त्यात जाड प्लास्टिकचा कागद अंथरायचा आणि पावसाने भरू द्यायचा. चार मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल अशा खड्ड्यात ४,००० लिटर मावतात. आठवड्याला कलमामागे २० लिटर, वीस आठवडे, म्हणजे कलमामागे ४०० लिटर. दहा कलमांचं काम झालं, असा हिशेब कागदावर जुळतो. पण उघड्या पाण्याची वाफ रोज ५ मिलिमीटर धरली तर त्या चार चौरस मीटरमधून दिवसाला २० लिटर उडतात. पाच महिन्यांत ३,००० लिटर! झाडांना उरले हजार. म्हणून जलकुंडावर बांबूचा मांडव करून गवताचा किंवा झावळ्यांचा जाड थर टाकायलाच हवा. ते केलं नाही तर खड्डा खणण्याची मजुरी वाया गेली असं धरा. शिवाय कुंपण घाला. गुरं आणि लहान मुलं पडतात.

आणि पाणी अजिबात न मागणारंही काही लावा. भात कापल्यावर जमिनीत जी ओल राहते त्या ओलीवर आणि दवावर आपल्याकडे वाल होतो. पनवेल, पेण, अलिबागकडे थंडीत पोपटी लावतात ती त्याच वालाच्या शेंगांची, भांबुर्ड्याच्या पाल्यात. एक थेंब वरचं पाणी न देता तुमच्या वाडग्यात पोपटीपुरता वाल निघतो. चवळी, मूगही निघतो. मार्चमध्ये हौसेने टोमॅटो लावण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं.

आता जरा कडू बोलतो. नेरे, वाजे, धोदाणी, चिखले या भागांत गेल्या काही वर्षांत फार्महाउसं वाढली. येणाऱ्यांबद्दल तक्रार नाही. त्यांच्यामुळे गावातल्या कितीतरी घरांत पगार येतो. पण हिरवळीचं काय करायचं? दर चौरस मीटरला रोज पाच लिटर धरले तर एक गुंठा हिरवळ दिवसाला ५०० लिटर पिते. पाच माणसांच्या दहा घरांचं पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी तेवढंच. आणि ती हिरवळ आठवड्यातून दोन दिवस बघायला मिळते. वीस बाय दहा फुटांचा, चार फूट खोल पोहण्याचा हौद भरायला साडेबावीस हजार लिटर लागतात. मालकांनी राग मानू नये. जानेवारीनंतर हिरवळ पिवळी पडू द्या. ती मरत नाही, मृगाच्या सरी आल्या की आठवड्यात पुन्हा हिरवी होते. हौद पावसाळ्यात छपराच्या पाण्याने भरा, उन्हाळ्यात विहिरीवर भरू नका. राखणदाराला तसं स्पष्ट सांगा, कारण तुम्ही नसताना तो रोज दोन तास पंप चालवतो तो तुम्ही रागवाल या भीतीने.

बोअरचंही तेच. पाषाणात पाणी भेगांमध्येच असतं. भेग लागली तर पाणी, नाही तर तीनशे फुटांवरही नुसती भुकटी. खोल गेलं की जास्त पाणी मिळतं हा समज महागात पडतो, आणि मिळालंच तर बऱ्याचदा ते शेजारच्या विहिरीकडे जाणारं पाणी असतं. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर परवानगीशिवाय घेता येत नाही. महाराष्ट्राच्या भूजल कायद्यात ती तरतूद आहे. गाडी बोलावण्यापूर्वी अंतर मोजा. खाडीच्या बाजूला तर अतिउपसा केला की खारं पाणी आत सरकतं, आणि एकदा सरकलं की त्याला मागे ढकलायला पुष्कळ पावसाळे जावे लागतात.

घरातल्या घरात एवढं झालं. पण विहिरीचं पाणी ज्या मुरमातून येतं तो मुरूम काही तुमच्या कुंपणापाशी संपत नाही, म्हणून शेवटचं काम गावाने मिळून करायचं आहे. ते म्हणजे वनराई बंधारा. रिकाम्या सिमेंटच्या गोण्या, माती किंवा रेती आणि पंधरा-वीस माणसं एवढंच भांडवल. ही कल्पना घरोघरी पोहोचवली मोहन धारियांच्या वनराई संस्थेने, आणि धारिया आपल्याच जिल्ह्यातले, महाडजवळच्या नाते गावचे. ओहोळाचे काठ जिथे उंच आणि जवळजवळ आहेत, तळाला कातळ आहे, अशी जागा बघा. गावची विहीर बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, अडलेल्या पाण्याच्या शेजारी असेल तर सोन्याहून पिवळं. गोणी पाऊणच भरा, ठासून भरलेली गोणी नीट बसत नाही आणि मधून पाणी निसटतं. तोंड सुतळीने शिवा. तळाशी तीन-चार गोण्यांची रुंदी घ्या आणि वर निमुळतं करत आणा. खालच्या दोन गोण्यांच्या सांध्यावर वरची गोणी आली पाहिजे. फटींत चिखल लिंपा. मधला भाग काठांपेक्षा वीतभर खाली ठेवा म्हणजे जादा पाणी तिथून जाईल आणि काठ खचणार नाही.

वेळ चुकवू नका. फार लवकर बांधला तर परतीच्या पावसाचा लोंढा घेऊन जातो. नोव्हेंबर सरत आला की अडवायला पाणीच उरत नाही. परतीचा पाऊस गेला, ओहोळ गुडघ्याखाली आला, की आठ दिवसांत बांधून मोकळं व्हायचं. भातकापणीची घाई असते हे कबूल, पण एका रविवारचं काम आहे. फार्महाउसवाल्यांनी त्या रविवारी कोंबडीचा बेत जरूर करावा, आधी दोन तास गोण्या उचलून. बंधाऱ्यामागे जमलेलं पाणी फार नसतं. त्याचं काम साठा करण्याचं नाही, आजूबाजूच्या मुरमातलं पाणी उतरायला अटकाव करण्याचं आहे. म्हणून त्या डबक्यात पंप टाकून बाग भिजवू नका. तसं कोणी करत असेल तर तिथल्या तिथे सांगा, मनात धरून ठेवू नका.

२ ऑक्टोबरला ग्रामसभा असते. तिथे हजर राहून तीन गोष्टी विचारा. आपल्या गावचा टंचाई आराखड्यातला प्रस्ताव गेला का? गावच्या विहिरीतला गाळ शेवटचा कधी काढला? यंदा बंधारे किती आणि कुठे? विचारणारी चार माणसं असली की उत्तर तयार ठेवावं लागतं. बायकांनी तर जायलाच हवं, कारण कुठली विहीर कोणत्या महिन्यात तळाला जाते हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

गोण्या गणपतीपासून जमवायला लागा. जिथे बांधकाम चालू असेल तिथे मागितल्या तर मिळतात, आयत्या वेळी मिळत नाहीत. आणि मेअखेर त्याच पंधरा-वीस जणांना परत बोलावून बंधारा सोडा, गोण्या रिकाम्या करून वर आणा. तशाच राहिल्या तर पहिल्या पुराबरोबर त्यांचे प्लास्टिकचे धागे भातखाचरांत आणि खाडीत पसरतात, आणि ते वेचून काढायला कुणी येत नाही.